परका माणूस खरेच जास्त राबतो का? – कष्टांचा हिशेब, त्सुकुबातून

त्सुकुबात चार मराठी कुटुंबे एकत्र जमली, मग निमित्त गणपतीचे असो की नुसत्या पुरणपोळीचे, की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात. पहिले : ''आपल्यासारखी बाहेरची माणसे आहेत म्हणून यांच्या प्रयोगशाळा चालतात.'' दुसरे : ''जपानी माणसासारखे राबणे आपल्याला जमायचे नाही.'' गंमत अशी, की ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकच माणूस एकाच संध्याकाळी बोलतो, आणि दोन्ही वेळा सगळे मान डोलावतात!

हा विषय 'आरोग्य आणि अर्थ' या सदरात कशाला, असे काही वाचक विचारतील. कारण साधे आहे. 'आपण जास्त कष्ट करतो' ही समजूत फुकट मिळत नाही. तिची किंमत कोणी रक्तदाबात मोजतो, कोणी न घेतलेल्या रजेत, तर कोणी मायदेशी परतताना हातातून निसटलेल्या निवृत्तिवेतनात. तेव्हा अभिमान घटकाभर बाजूला ठेवून हिशेब मांडून पाहू.

प्रथम जपानी माणसाबद्दलच्या समजुतीकडे. जपानी लोक जगात सर्वांत जास्त राबतात ही गोष्ट एके काळी बऱ्यापैकी खरी होती. १९८७ साली कामगार कायद्यात सुधारणा होईपर्यंत इथे कायद्याचाच आठवडा ४८ तासांचा होता. १९९० च्या सुमारास जपानी कामगार वर्षाला सरासरी दोन हजारांहून अधिक तास काम करीत असे. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीत हाच आकडा सुमारे सोळाशेवर आला आहे आणि अमेरिकन कामगाराची सरासरी त्याच्या पुढे, अठराशेच्या आसपास आहे. मात्र या सरासरीने फसू नये. जपानात अर्धवेळ काम करणाऱ्यांची, विशेषतः स्त्रियांची, संख्या खूप वाढली, म्हणून सरासरी खाली आली. पूर्णवेळ नोकरदाराचा दिवस तेवढा आखूड झालेला नाही. थोडक्यात, 'जपानी माणूस' म्हणून ज्याच्याशी आपण स्वतःची तुलना करतो तो एक माणूसच नाही. पाच वाजता निघणारी कार्यालयातील अर्धवेळ सहायिकाही जपानीच आणि रात्री अकराला दिवा मालवणारा प्राध्यापकही जपानीच.

आता बाहेरून आलेल्यांकडे वळू. अर्थशास्त्रज्ञांनी हा प्रश्न अर्धशतक चघळला आहे. बॅरी चिझविक यांनी १९७८ साली अमेरिकेच्या जनगणनेवरून असे मांडले, की बाहेरून आलेला माणूस सुरुवातीला स्थानिकापेक्षा कमी कमावतो, पण दहा ते पंधरा वर्षांत त्याला गाठतो आणि पुढेही जातो. त्यांचे स्पष्टीकरण असे : घरदार सोडून जाण्याची ज्याची तयारी असते तो मुळातच अधिक धडपड्या असतो. म्हणजे चाळणी निघतानाच लागलेली असते. यावर १९८५ साली जॉर्ज बोर्हास यांनी बोट ठेवले. वीस वर्षांपूर्वी आलेला आणि काल आलेला ही एकाच माणसाच्या आयुष्यातील दोन टोके नसून वेगवेगळ्या लाटांतली वेगळी माणसे आहेत, त्यांची तुलना करून 'माणूस वर चढला' असे म्हणता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. तो वाद अजून मिटलेला नाही, पण दोघांचे म्हणणे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे उत्तर मायकेल पिओरे यांनी १९७९ साली दिले. स्थलांतरित माणूस एका वेळी दोन तराजू वापरतो, असे त्यांचे म्हणणे. काम इथले, पण त्याचे मोल तो गावाकडच्या तराजूत करतो. इथल्या माणसाला जो पगार किंवा जी वागणूक न परवडणारी वाटते, ती त्याला चालते, कारण गावात त्याचे घर उभे राहत असते. पुढे वर्षे जातात, मुले इथल्या शाळेत जाऊ लागतात आणि दुसरा तराजू हळूहळू अडगळीत पडतो. ब्रिटनमधील पूर्व युरोपीय कामगारांवर २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेच दिसले. नव्याने आलेले कामगार स्थानिकांपेक्षा फारच कमी गैरहजर राहत, पण दोन ते चार वर्षांत त्यांची गैरहजेरी स्थानिकांच्या पातळीवर आली. कष्टाळूपणा जर रक्तातला असता, तर तो चार वर्षांत कुठे गेला असता?

आपल्याला हे समजायला परदेशी पुस्तकांची गरज नव्हती म्हणा! रत्नागिरीतून मुंबईच्या गिरणीत गेलेला माणूस गावात 'काही करत नाही' म्हणून बोलणी खात असे, आणि तोच परळच्या खोलीत पाळीपाळीने झोपून रात्रपाळ्या करीत असे. माणूस तोच, बदलली होती ती जागा आणि गावी पाठवायची मनिऑर्डर. दुसरीकडे गिरणीमालकांची तक्रार अशी, की हा कामगार पेरणीला, शिमग्याला, गणपतीला गावी निघून जातो. १९३१ साली अहवाल देणाऱ्या रॉयल कमिशननेही या कामगाराची गावाशी नाळ तुटलेली नाही याची नोंद केली होती. एकच स्थलांतरित एकाच काळात 'राबणारा'ही ठरला आणि 'दांड्या मारणारा'ही. बोलणारा कोण आहे यावर ते ठरत होते.

याहून कठोर उदाहरण ऊसतोडीचे. बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले तर 'खाड्या'चे पैसे कापले जातात. स्थानिक शेतमजूर इतके राबत नाहीत, बाहेरचे बघा कसे पहाटे तीनला फडात असतात, असे कौतुकाने बोलले जाते. पण आजारी बाईलाही फडात उभे करते ते उचलीचे ओझे आणि खाड्याची भीती. २०१९ साली याच जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे उघडकीस आले आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. 'जास्त कष्टाळू' या बिरुदाची ती पावती होती.

''आम्ही पीएच.डी. झालेली माणसे, आमचा उसाशी काय संबंध?'' असे कोणी म्हणेल. संबंध आहे, तो असा.

त्सुकुबा हे गाव नियोजनाने वसवलेले. १९६३ साली सरकारने इथे विज्ञाननगरी उभारायचे ठरवले, १९७० च्या दशकात उच्च ऊर्जा भौतिकीची संस्था आणि विद्यापीठ उभे राहिले, १९८५ साली मोठे जागतिक प्रदर्शन भरले आणि २००५ साली अकिहाबाराहून पंचेचाळीस मिनिटांत पोहोचवणारी त्सुकुबा एक्स्प्रेस आली. इथे येणारा मराठी माणूस बहुधा संशोधक, पोस्टडॉक किंवा विद्यार्थी. आणि त्याचा करार बहुधा मुदतीचा : एक वर्ष, तीन वर्षे, फार तर पाच. जपानच्या कायद्यानुसार सामान्य कामगाराला एकाच संस्थेत करारावर पाच वर्षे उलटल्यावर बेमुदत करार मागता येतो. संशोधकासाठी ही मुदत दहा वर्षांची आहे. ती पहिल्यांदा २०२३ च्या मार्चअखेर भरत आली, तेव्हा त्याआधीच करार संपवले जाण्याच्या प्रश्नावर देशभर चर्चा झाली होती. त्यातून परदेशी माणसाचा व्हिसाही नोकरीला बांधलेला. नोकरी गेली आणि त्या व्हिसाचे काम तीन महिने काही केले नाही, तर निवासाचा दर्जा काढून घेतला जाऊ शकतो. नोकरी सुटल्याचे किंवा बदलल्याचे चौदा दिवसांत इमिग्रेशनला कळवावेही लागते.

आता त्या प्रयोगशाळेतील स्थानिक सहकाऱ्याला यातले अर्धे ओझेच नाही. त्याचाही करार मुदतीचा असेल, पण तो संपला तर त्याला देश सोडावा लागत नाही. शनिवारी रात्री उपकरणापाशी कोण बसलेले असते याचे उत्तर रक्तात शोधण्याआधी करारात शोधावे. आपल्याच इबाराकी प्रांतातील शेतांत याचे दुसरे रूप दिसते. त्सुचिउराच्या कमळकाकडीच्या तळ्यांत आणि होकोताच्या खरबुजांच्या शेतांत राबणारे अनेक तरुण १९९३ साली सुरू झालेल्या 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' योजनेतून आले. त्यांना मालक बदलण्याची मुभा जवळजवळ नव्हतीच, आणि २०२२ च्या सरकारी पाहणीत निम्म्याहून अधिक जणांनी येण्यासाठी कर्ज काढल्याचे सांगितले. उचल आणि मुकादम यांची आठवण झाली ना? ही योजना बंद करून नवी पद्धत आणण्याचा कायदा २०२४ साली संमत झाला.

आता पेन्सिल हातात घ्या. समजा तुम्ही सकाळी साडेआठला जाता, रात्री नऊला निघता आणि मध्ये एक तास जेवणाचा. म्हणजे साडेअकरा तास काम; आठाच्या वर साडेतीन. महिन्याचे २१ दिवस धरले तर ७३.५ तास. त्यात दोन शनिवार पाच-पाच तास. एकूण जादा काम ८३.५ तास. आपल्यातल्या कित्येकांना हा दिनक्रम 'नेहमीचाच' वाटेल.

८० हा आकडा मात्र इथे साधा नाही. 'कारोशी' म्हणजे अतिकामाने मृत्यू. १९८८ साली वकील व डॉक्टरांनी यासाठी दूरध्वनी मदत सुरू केली आणि २०१४ साली तो टाळण्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. हृदयविकार किंवा मेंदूचा झटका कामामुळे आला की नाही हे ठरवताना सरकार जे निकष लावते त्यांत एका महिन्यात १०० तास, किंवा दोन ते सहा महिन्यांच्या सरासरीत दरमहा ८० तास जादा काम असेल, तर संबंध दाट मानला जातो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर याच्या थोडे खालचे तासही अनियमित पाळ्या आणि इतर ताण यांच्यासह विचारात घेतात. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी जाहीर केले, की आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, मेंदूच्या झटक्याचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असतो. वरच्या उदाहरणातील माणूस आठवड्याला साठ तासांवर आहे.

आणि पैसे? २०१९ पासून सर्वसाधारण नोकरीत जादा कामाची मर्यादा महिन्याला ४५ व वर्षाला ३६० तास आहे. विशेष करार असला तरी वर्षाला ७२० च्या पुढे जाता येत नाही. पण संशोधन व विकासाचे काम या मर्यादेतून वगळलेले आहे. शिवाय पुष्कळ संशोधक 'साइर्‍यो रोदो' पद्धतीवर असतात, म्हणजे किती तास बसलात ते मोजायचे नाही, ठरलेले तास काम झाले असे धरायचे. दरमहा चार लाख येन पगार १६८ तासांना भागला तर ताशी सुमारे २,३८० येन येतात, २५१.५ तासांना भागला तर सुमारे १,५९०. इबाराकीचे किमान वेतन २०२४ साली ताशी १,००५ येन होते. 'आम्ही जास्त राबतो' याचा एक अर्थ 'आम्ही स्वस्तात राबतो' असाही होतो, हे आपणच आपल्याला सांगितलेले बरे.

मात्र या पद्धतीतही रात्री दहा ते पहाटे पाचच्या कामाचा आणि कायदेशीर सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा वाढीव मोबदला लागू असतो. एप्रिल २०२४ पासून विशेषज्ञांना या पद्धतीवर घ्यायचे तर त्यांची व्यक्तिगत संमती लागते, आणि 'नको' म्हटल्याबद्दल वाईट वागणूक देता येत नाही. सहीसाठी समोर आलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात हा एक असतो. तो तेवढा वाचून घ्यावा. तास कसेही धरले, तरी आरोग्यासाठी प्रत्यक्ष वेळेची नोंद ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. संशोधन-विकासातील कामगाराचे जादा काम महिन्याला १०० तासांच्या पुढे गेले, तर त्याची डॉक्टरांशी भेट घडवणेही सक्तीचे आहे.

एक महत्त्वाचा अपवाद. शिष्यवृत्तीवरचे विद्यार्थी आणि जपानी विज्ञानप्रसार मंडळाच्या फेलोशिपवर आलेले संशोधक हे कायद्याच्या भाषेत यजमान संस्थेचे 'कामगार' नसतात. त्यांना तासांची मर्यादा नाही, बेकारी विमा नाही, कामातील अपघाताची नेहमीची भरपाई नाही. नेमके हेच लोक सर्वांत जास्त वेळ बसतात. त्यांनी आपला विमा कोणता, त्यात काय बसते, हे आल्या आठवड्यातच विचारून घ्यावे.

शरीराचे काय? स्थलांतरित माणूस आला तेव्हा स्थानिकांपेक्षा निरोगी असतो असे अनेक देशांत आढळले आहे. पुन्हा तीच चाळणी : तरुण, धडधाकट माणूसच घराबाहेर पडतो. पण वर्षे जातात तसा हा फायदा झिजतो. आपल्या लोकांत मधुमेह कमी वजनावर आणि लवकर वयात गाठतो, ही त्यात भर. नोकरदाराची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणे मालकावर बंधनकारक आहे. अहवाल जपानीत असतो आणि फ्रिजवरच्या चुंबकाखाली जाऊन बसतो, हे आपण सर्व जाणतो. निदान दोन जागा बघाव्यात. एक, एच.बी.ए.वन.सी. : ५.६ पासून इथे सल्ला सुरू होतो आणि ६.५ म्हणजे मधुमेहाची रेषा. दुसरी, कंबर. जपानची 'मेटाबो' रेषा पुरुषांना ८५ आणि स्त्रियांना ९० सेंटिमीटर आहे. दक्षिण आशियाई लोकांसाठी मात्र आंतरराष्ट्रीय निकष पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० आहे. म्हणजे ८४ सेंटिमीटर कंबर असलेल्या आपल्या भगिनीला इथला अहवाल 'ठीक' म्हणेल. तो ठीक नाही.

भरपगारी रजा सहा महिन्यांनी १० दिवस मिळते आणि साडेसहा वर्षांनी २० पर्यंत जाते. दहा किंवा अधिक दिवस मिळणाऱ्याला वर्षात निदान पाच दिवस रजा घ्यायला लावणे २०१९ पासून मालकाचे कर्तव्य आहे. दोन वर्षांत न वापरलेली रजा बुडते. आजाराने काम थांबले तर नोकरीच्या आरोग्य विम्यातून चौथ्या दिवसापासून पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश रक्कम, एकूण दीड वर्षापर्यंत मिळू शकते. अंगात ताप घेऊन प्रयोगशाळेत जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत असते?

निवृत्तिवेतनाकडे शेवटी येतो, कारण घाईत सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. पगारातून १८.३ टक्के नेन्किन जाते, निम्मे आपले व निम्मे मालकाचे. परत जाताना 'दात्ताई इचिजिकिन' म्हणजे एकरकमी परतावा मागता येतो, पण तो जास्तीत जास्त ६० महिन्यांपुरता, म्हणजे सरासरी पगाराच्या सुमारे साडेपाच पट. ही मर्यादा पुढे वाढवण्याचे २०२५ च्या सुधारणेत ठरले आहे, तेव्हा निघण्यापूर्वी लागू असलेला आकडा पाहून घ्यावा. सात वर्षे भरलेल्याने ६० महिन्यांचा परतावा घेतला, तर उरलेली दोन वर्षे तर बुडतातच, शिवाय सातही वर्षे नोंदीतून पुसली जातात. १ ऑक्टोबर २०१६ पासून भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार लागू आहे. त्यामुळे जपानमधील सात वर्षे आणि भारतातील भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतील तीन वर्षे मिळून पात्रतेची दहा वर्षे भरू शकतात, आणि म्हातारपणी जपानचे निवृत्तिवेतन जपानमधील वर्षांच्या प्रमाणात मिळते. परतावा घेतला की हा मार्ग बंद. घ्यायचाच असेल तर देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा. त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो, आणि तो परत मागण्यासाठी निघण्याआधी इथे राहणाऱ्या एखाद्याला 'नोझेई कानरिनिन' म्हणजे कर-प्रतिनिधी नेमून ठेवावे लागते.

कायम निवासाचाही याच हिशेबात विचार करावा. उच्च कौशल्याच्या गुणपद्धतीत ८० गुण असतील तर २०१७ पासून एक वर्षाने आणि ७० गुणांवर तीन वर्षांनी अर्ज करता येतो. एरवी साधारण दहा वर्षे लागतात. पीएच.डी., वय, पगार आणि शोधनिबंध यांचे गुण मोजले तर आपल्यातले बरेच जण ७० पर्यंत सहज पोहोचतात. त्या कागदाने व्हिसा आणि साहेब यांची गाठ सुटते. त्यानंतरही शनिवारी प्रयोगशाळेत बसावेसे वाटले, तर ते खुशाल बसावे. कर आणि नेन्किन वेळेवर भरल्याची तपासणी या अर्जात होते, एवढे विसरू नये.

येथे जाता जाता आपल्याच एका माणसाचे नाव घेतो. महाराष्ट्रातून आलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली तोक्योच्या एदोगावा प्रभागात निवडून आले आणि २०२३ साली शेजारच्या त्सुचिउरा येथील सरकारी माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक झाले. बाहेरून आलेला माणूस इथे कामाच्या पद्धती ठरवणाऱ्या खुर्चीतही बसू शकतो, याचे हे उदाहरण घरापासून दोन-तीन स्टेशनांवर म्हणावे इतके जवळ आहे.

आणि एक हिशेब राहिलाच, जो कोणत्याच तक्त्यात येत नाही. त्सुकुबात नवऱ्याबरोबर (क्वचित बायकोबरोबर) आश्रित व्हिसावर आलेल्यांत एम.एस्सी., इंजिनिअर, डॉक्टर झालेली माणसे आहेत. वेगळा परवाना काढला तर त्यांना आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते. तो नसेल तर शून्य. साठ तास प्रयोगशाळेत बसणाऱ्याचे डबे, मुलांचे बालवाडीचे जपानी कागद, सायकलीवरून दवाखाना, हे सर्व करणारी व्यक्ती आकडेवारीत 'काम न करणारी' असते. तिला चाळिशीपर्यंत आरोग्य तपासणीही आपोआप मिळत नाही. विमा संस्थेकडे किंवा शहराच्या कार्यालयात स्वतः विचारावे लागते. कामाच्या तासांबद्दल तक्रार किंवा शंका असेल तर त्सुकुबासाठी त्सुचिउरा येथील कामगार निरीक्षण कार्यालय आहे, आणि श्रम मंत्रालयाच्या परदेशी कामगारांसाठीच्या दूरध्वनीवर इंग्रजीत बोलता येते. जाताना तीन महिन्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा वहीत लिहून न्याव्यात.